जुना विंडोज खेळ लिनक्सवर न्यायचा आहे: नेटिव्ह पोर्ट करावा की प्रोटॉनवर सोडावा?

खेळघर

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्रांनी मिळून केलेला डावपेचांचा एक खेळ बरीच वर्षं विंडोजवर चालू आहे. सी++ मध्ये लिहिलेला, चित्रांसाठी डायरेक्ट३डी ९, इनपुटसाठी डायरेक्टइनपुट, आणि अजूनही ३२ बिटचाच. स्रोत आमच्याकडे आहे, हक्कही आमचेच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हापासून "लिनक्सवर कधी आणताय?" असं विचारणारे खेळाडू वाढले आहेत.

प्रोटॉनवर, म्हणजे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या थरावर, खेळ सुरू होतो आणि बऱ्यापैकी चालतो. तरी आमच्यात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, आहे ते पुरे. मला स्वतःला वाटतं की आपल्या खेळाची जबाबदारी आपण घ्यावी आणि लिनक्ससाठी वेगळा बिल्ड, म्हणजे नेटिव्ह पोर्ट, द्यावा.

म्हणून खिडकी, कळफलक आणि माउस एसडीएल या अनेक सिस्टिमवर चालणाऱ्या लायब्ररीवर टाकले, चित्रांसाठी डायरेक्ट३डीच्या आज्ञा व्हल्कन या नव्या चित्रप्रणालीत बदलणारं डीएक्सव्हीके लायब्ररी म्हणून जोडलं आणि ६४ बिट लिनक्सवर कंपाइल केलं. मेनू दिसतो, एकट्याचा डावही चालतो. पण जुन्या सेव्ह फाइली उघडत नाहीत. काही नकाशांवर झाडं-घरं गायब आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे विंडोजवाला आणि लिनक्सवाला एकाच डावात बसले, की थोड्या वेळानं दोघांच्या पडद्यावर वेगवेगळी लढाई चालू असते. एकाचा किल्ला पडलेला, दुसऱ्याचा उभा.

ज्यांनी असं काम केलं आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

बाइटवाचक

गायब झाडांचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान रोमन अक्षर विंडोज वेगळं मानत नाही, लिनक्स मानतं. चित्रकारानं फाइलचं नाव मोठ्या अक्षरानं सुरू केलं आणि कोडात ते लहान अक्षरानं मागवलं, तर विंडोजवर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. मार्गातली उलटी तिरकी रेघही शोधा. लिनक्सला ती फोल्डरची खूण वाटतच नाही, नावातलंच एक अक्षर वाटतं. मॅकची डिस्क सहसा विंडोजसारखीच वागते, त्यामुळे मॅकवर चाललं म्हणून लिनक्सवर चालेल असं धरू नका.

लिनक्स कर्नल ५.२ पासून एक्सटी४ या फाइल व्यवस्थेत एखादं फोल्डर अक्षरभेद न मानणारं करता येतं, पण खेळाडूच्या डिस्कवर ती सोय चालू असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. सगळी नावं लहान अक्षरांत आणणारी पायरी बिल्डमध्येच घाला. खेळाडूंनी बनवलेले नकाशे तुमच्या हातात नसतात. तिथे फोल्डरची यादी वाचून जुळणारं नाव शोधावं लागेल. हे सगळं एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि खेळातली प्रत्येक फाइल त्याच दारातून आत येऊ द्या.

आता सेव्ह फाइल. माझा अंदाज आहे की तुम्ही मेमरीतलं स्ट्रक्चर जसंच्या तसं डिस्कवर लिहीत असाल. त्या काळच्या बहुतेक खेळांत तसंच असे. मग हिशोब बघा: पॉइंटर ४ बाइटचा होता तो ८ चा झाला. लाँग हा प्रकार विंडोजवर ३२ बिटमध्येही ४ बाइटचा आणि ६४ बिटमध्येही ४ च, पण ६४ बिट लिनक्सवर ८. रुंद अक्षर विंडोजवर २ बाइटचं, लिनक्सवर ४. म्हणजे खेळाडूचं नाव जिथे संपायला हवं तिथे ते संपतच नाही, आणि पुढचा प्रत्येक आकडा सरकतो. जुनं स्वरूप कागदावर मांडा, कुठल्या बाइटला काय आहे ते लिहा, आणि ते एकेक क्षेत्र वाचणारा वेगळा वाचक लिहा. नवीन सेव्हसाठी आवृत्ती क्रमांक आणि नेमक्या रुंदीचे प्रकार वापरा. काम कंटाळवाणं आहे, पण खेळाडूचा जुना डाव उघडला नाही तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही खेळ आणलेलाच नाही.

तिसऱ्या तक्रारीवर माझ्यापेक्षा तरंगबिंदू यांनी लिहिलेलं बरं.

उत्तरध्रुव

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. नेटिव्ह पोर्ट करू नका.

लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी १९९८ मध्ये याच कामासाठी उभी राहिली होती. विंडोजचे गाजलेले खेळ रीतसर परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे. १९९९ मध्ये त्यांनी सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर आणला, मग आणखी बरेच. जानेवारी २००२ मध्ये कंपनी बंद झाली. त्यांनी दिलेल्या खेळांच्या बायनरी आजच्या वितरणावर चालवायच्या तर जुन्या लायब्ऱ्या शोधत बसावं लागतं. त्याच काळातल्या खेळांच्या विंडोज प्रती मात्र वाइनवर बऱ्याचदा विनासायास उघडतात.

याचं कारण सरळ आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारी वाइन १९९३ पासून चालू आहे, तिची १.० आवृत्ती २००८ मध्ये आली, आणि तेव्हापासून आजपर्यंत लोक ती रोज सुधारत आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनं प्रोटॉन आणलं, त्यात वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र आले. स्टीम डेक २०२२ मध्ये बाजारात आला तो याच पायावर. तुमचा खेळ सोडून तुम्ही दुसरीकडे गेलात तरी त्या थराची देखभाल चालूच राहणार आहे. तुमच्या लिनक्स बायनरीची देखभाल तुमच्याशिवाय कोण करणार?

ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ च्या २.३६ आवृत्तीत तिच्या बिल्डमधून जुन्या पद्धतीची हॅश सारणी डीफॉल्टनं वगळली गेली. बाहेरून पाहता किरकोळ बदल. पण खेळातली फसवणूक रोखणारं ईझी अँटी-चीट ती सारणी वाचत असे, त्यामुळे जिथे वितरणांनी तो बदल घेतला तिथे खेळ बंद पडले. विंडोजचे विन३२ फंक्शन मात्र तिथेच आहेत जिथे होते.

सांधा

@उत्तरध्रुव, लोकीचा इतिहास बरोबर सांगितलात, पण अर्धा. त्या कंपनीमागे काय उरलं तेही सांगायला हवं. सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये एसडीएल लिहायला घेतलं आणि लोकीच्या पोर्टमध्ये ते घडत गेलं. आवाजासाठीच्या ओपनएएल लायब्ररीची सुरुवातही तिथलीच. आज खेळघर यांनी खिडकी आणि माउस ज्यावर टाकला आहे ते हेच एसडीएल.

जुन्या बायनरी चालत नाहीत हेही सरसकट खरं नाही. ज्या खेळांनी एसडीएल १.२ बाहेरची लायब्ररी म्हणून जोडली होती, त्यांच्यासाठी आता तेच फंक्शन पुरवणारी पण आतून एसडीएल २ वापरणारी लायब्ररी आहे. ती जुन्या फाइलच्या जागी ठेवली की खेळ न बदलता त्याला नवा ध्वनी, नवी खिडकी व्यवस्था मिळते. ज्यांनी एसडीएल खेळाच्या पोटातच शिवून टाकलं त्यांचे खेळ मात्र अडकले. म्हणून खेळघर, एसडीएल कधीही स्थिर जोडू नका. सोबत द्या, पण वेगळ्या फाइलमध्ये, म्हणजे उद्या कुणालाही ती बदलता येईल.

उत्तरध्रुव

हे मान्य. पण ते फक्त एसडीएलबद्दल झालं. सी++ ची मानक लायब्ररी, फाँट, व्हिडिओ कोडेक, ओपनएसएसएल यांचं काय?

सांधा

प्रश्न रास्त आहे. त्यासाठी स्टीम रनटाइम आहे. "स्निपर" नावाचा संच डेबियन ११ वर आधारलेला आहे, त्याच कंटेनरमध्ये कंपाइल करायचं आणि खेळाडूकडेही तो त्याच कंटेनरमध्ये चालतो. स्टीमबाहेर द्यायचं असेल तर मी जुन्या वितरणावर कंपाइल करतो. जुन्या ग्लिबसीवर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही.

तरंगबिंदू

बाइटवाचक यांनी बोलावलं म्हणून सविस्तर लिहितो, कारण दोन पडद्यांवर दोन लढाया हा या धाग्यातला सगळ्यात कठीण भाग आहे.

डावपेचांचे खेळ सहसा सैनिकांच्या जागा नेटवर्कवरून पाठवत नाहीत. फक्त आज्ञा पाठवतात, आणि प्रत्येक संगणक तेच गणित स्वतः करतो. म्हणजे प्रत्येक आकड्याचा शेवटचा बिटसुद्धा दोन्हीकडे सारखाच यायला हवा. एका बाणाचं अंतर दहाव्या दशांश स्थळी चुकलं, की तो एकीकडे लागतो आणि दुसरीकडे हुकतो. तिथून पुढे दोन्ही डाव परत कधी जुळत नाहीत.

तुमच्या बाबतीत मला पहिला संशय डायरेक्ट३डी ९ वरच आहे. चित्रांचं उपकरण तयार करताना ते प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ गणितयंत्राची अचूकता गुपचूप एकेरी करून ठेवतं. तसं करू नको असं सांगणारा एक ध्वज असतो, पण तो फार कमी जणांनी वापरला. तुमचा ३२ बिट विंडोज बिल्ड एक्स८७ वापरत असेल, तर तुम्ही डबल लिहिलंत तरी हिशोब इतकी वर्षं एकेरी अचूकतेनं होतोय. ६४ बिट लिनक्सवर कंपायलर प्रोसेसरमधलं नंतरचं गणितयंत्र, एसएसई२, वापरतो. तिथे डबल म्हणजे खरंच डबल. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांशी जुळणार नाहीत.

ते जुळवलंत तरी पुढे आणखी आहे. बेरीज, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ यांचं उत्तर शेवटच्या बिटपर्यंत काय यावं हे आयईईई ७५४ हे मानक ठरवून देतं. साइन, कोसाइन, घातांक यांना ते बंधन नाही. मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीचं साइन आणि ग्लिबसीचं साइन कधीमधी शेवटच्या बिटमध्ये वेगळं पडतं. तेव्हा खेळाच्या नियमांत वापरायची सगळी त्रिकोणमिती स्वतःची ठेवा, कोष्टकं करून किंवा छोटी फंक्शन लिहून. गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत उरकणारी जोडणी कंपायलरला सांगून बंद करा. पुढे एआरएम प्रोसेसरवर गेलात तर ती हमखास आडवी येते.

दशांश आकडे सोडूनही काही ठिकाणं तपासा. सी ची रँड फंक्शन: मायक्रोसॉफ्टकडे ती जास्तीत जास्त ३२७६७ देते, ग्लिबसीत २१४७४८३६४७. बीज एकच दिलं तरी आकडे वेगळे. सी++ चं मर्सेन ट्विस्टर सगळीकडे सारखं आकडे देतं, पण त्यावर बसवलेली "१ ते ६ मधला आकडा दे" अशी वाटणी लायब्ररीगणिक बदलते. क्रम न पाळणाऱ्या मॅपमधून फिरताना वस्तू कुठल्या क्रमानं भेटतील हे ठरलेलं नसतं. पहिला भेटेल त्या शत्रूवर हल्ला असा नियम असेल तर दोन्हीकडे वेगळा शत्रू मरेल. समान अंतरावरच्या दोघांना साधं सॉर्ट कुठल्या क्रमानं ठेवेल तेही तसंच. तिथे बरोबरी मोडायला वस्तूचा क्रमांक वापरा.

शोधायची पद्धत: प्रत्येक फेरीनंतर सगळ्या सैनिकांच्या जागा, आरोग्य आणि यादृच्छिक आकड्यांची स्थिती यांचा चेकसम, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक ताळ्याचा आकडा, काढा. एक नोंदवलेला डाव दोन्हीकडे चालवा आणि पहिला वेगळा चेकसम कुठल्या फेरीत आला ते बघा. त्या फेरीचा तपशील छापला की बहुतेक वेळा कारण समोर दिसतं.

शक्य असेल तर नियमांचं सगळं गणित पूर्णांकांवर आणा. मला तरी यापेक्षा निर्धास्त मार्ग माहीत नाही.

खेळघर

तरंगबिंदू, मनापासून आभार. तो ध्वज कोडात शोधला, नाहीच. म्हणजे तुमचा संशय खरा दिसतोय. रँड तर आम्ही ठिकठिकाणी वापरलं आहे.

मग एक प्रश्न. प्रोटॉनवर खेळणारे आमचे लोक विंडोजवाल्यांशी नीट खेळतात, डाव फुटत नाही. ते कसं?

तरंगबिंदू

कारण तिथे तुमची तीच ३२ बिट फाइल चालते, सूचना त्याच. रँडसुद्धा मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीसारखं वागणारंच मिळतं, आणि एक्स८७ ची अचूकता डायरेक्ट३डी ९ जशी बदलतं तशीच डीएक्सव्हीकेही बदलून देतं. उत्तरध्रुव यांच्या बाजूनं हा खरा मुद्दा आहे, मान्य करायला हवा.

सहज_वाचक

मी प्रोग्रामर नाही, पण धागा वाचताना थांबवत नाहीये. एक शंका: स्रोत हाताशी नसेल तर काय करतात? मला आवडणाऱ्या कितीतरी जुन्या खेळांच्या कंपन्याच आता नाहीत.

जपणूक

@सहज_वाचक, यावर कितीही लिहिता येईल.

काही खेळ मुळातच फिरते होते. इन्फोकॉमनं १९७९ मध्ये आपल्या मजकुरी साहसखेळांसाठी एक काल्पनिक यंत्र ठरवलं. गोष्ट त्या यंत्रासाठी लिहायची आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी फक्त ते यंत्र पुन्हा लिहायचं. त्या काळी एकमेकांशी न जुळणारे घरगुती संगणक इतके होते की कंपनीला हे परवडलं, आणि त्या फाइली आज फोनवरही चालतात. एरिक शाही यांनी १९९१ च्या अनदर वर्ल्डमध्ये हेच केलं. म्हणूनच तो खेळ पुढे इतक्या यंत्रांवर गेला. ल्यूकसच्या साहसखेळांमागे असलेलं १९८७ चं स्कम इंजिनही सूचना वाचणारं होतं. २००१ मध्ये सुरू झालेल्या स्कमव्हीएमनं नेमका तेवढा वाचणारा भाग नव्यानं लिहिला. तुमच्याकडे मूळ खेळाच्या फाइली असतील तर त्या जवळजवळ कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडतात.

सगळ्यांचं नशीब इतकं चांगलं नव्हतं. क्रिस सॉयर यांनी ट्रान्सपोर्ट टायकून आणि रोलरकोस्टर टायकून जवळजवळ पूर्णपणे इंटेल प्रोसेसरच्या असेंब्लीत लिहिले. दुसऱ्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करावं असं तिथे काही नाहीच. लोकांनी यंत्रसूचना वाचत वाचत त्यांचा अर्थ लावला आणि एकेक भाग सी किंवा सी++ मध्ये पुन्हा लिहिला. २००४ मध्ये ओपनटीटीडी आलं. ओपनआरसीटी२ चं काम २०१४ मध्ये सुरू झालं, आणि बराच काळ तो अर्धा नवा, अर्धा मूळ फाइलीतला असा चालत होता. नवं फंक्शन तयार झालं की मूळ फंक्शन काढून टाकायचं. खेळ मध्ये एकदाही बंद न पाडता त्याचा पायाच बदलण्याचं हे काम मला आजही थक्क करतं.

आणि डूमबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९९३ चा डूम डॉससाठी आला, पण लिहिला गेला नेक्स्टस्टेप चालणाऱ्या संगणकांवर. त्यामुळे पडदा, आवाज, नेटवर्क अशा सिस्टिमशी बोलणाऱ्या गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलींत होत्या, त्यांच्या नावांची सुरुवातही वेगळी. २३ डिसेंबर १९९७ ला स्रोत खुला झाला तेव्हा मात्र डॉसची आवृत्ती देता आली नाही, कारण तिच्यातली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती. म्हणून लिनक्सची आवृत्ती दिली गेली. खेळघर, हे तुमच्यासाठीही: व्हिडिओ, आवाज, नेटवर्क यांतली कुठली लायब्ररी परवान्यानं घेतलेली आहे आणि तो परवाना दुसऱ्या सिस्टिमवर लागू होतो का, हे आधी बघा.

बाइटवाचक

जपणूक यांच्याशी पूर्ण सहमत. यात आणखी एक जोडतो. खेळ हलवताना जुने, दडलेले दोष वर येतात, आणि खापर नव्या सिस्टिमवर फुटतं. विंडोज ३.१ वरचा सिमसिटी मोकळी केलेली मेमरी लगेच पुन्हा वाचत असे. तिथे ते खपून जाई. विंडोज ९५ तयार होत असताना खेळ कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं हा खेळ चालू असेल तर मेमरी लगेच मोकळी न करण्याची खास सोय सिस्टिममध्येच घातली. लिनक्स तुमच्यासाठी असं काही करणार नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावून पूर्ण डाव खेळा.

उत्तरध्रुव

वेळेचंही बघा. विंडोजचं पिनबॉल ९५ वरून एनटीवर आणलं गेलं तेव्हा ते जमेल तितक्या वेगानं फ्रेम काढत असे. नव्वदीतल्या यंत्रांवर कुणाला जाणवलं नाही. पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि तो छोटासा खेळ अख्खा प्रोसेसर खाऊ लागला. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी सेकंदाला १०० फ्रेमची मर्यादा घातली तेव्हा तो थांबला.

तुमच्या मुख्य चक्रात "१ मिलिसेकंद झोप" असं काही असेल तर जपा. विंडोजवर डीफॉल्ट टिक सुमारे १५.६ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ती झोप बरीच लांबते. लिनक्सवर ती खरोखरच १ मिलिसेकंदाच्या आसपास होते. खेळाचा वेग त्या झोपेवर नकळत टेकलेला असेल, तर नव्या घरात सैनिक धावत सुटतील.

रंगपटल

चित्रांबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. डीएक्सव्हीके लायब्ररी म्हणून जोडलंत ते उत्तम केलंत, तिथेच थांबा. व्हॉल्व्हनं आधी आपल्या सोर्स इंजिनसाठी डायरेक्ट३डी ९ वरून ओपनजीएलवर भाषांतर करणारा थर लिहिला होता, २०१४ मध्ये त्याचा स्रोतही खुला केला. तरी २०२१ मध्ये पोर्टल २ ला व्हल्कन दिलं ते डीएक्सव्हीके वापरूनच.

पुढे कधी स्वतः व्हल्कनवर जायचं ठरवलंत तर एवढं लक्षात ठेवा. डायरेक्ट३डी ९ पिक्सेलचा मध्य पूर्णांकावर धरतं, नंतरची सगळी अर्ध्यावर. जुन्या कोडात त्यासाठी अर्धा पिक्सेल वजा केलेला असतो. तो तसाच राहिला तर अक्षरं आणि बटणं पुसट दिसतात, आणि माणूस शेडरमध्ये दोष शोधत बसतो. ओपनजीएल खोली उणे १ ते १ मानतं, डायरेक्ट३डी ० ते १. व्हल्कन ० ते १ च मानतं, पण त्याचा वाय अक्ष उलटा.

दोराखेच

खेळघर, तुमच्या खेळात अनेक थ्रेड एकमेकांची वाट बघतात का? वेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स हे फंक्शन वापरलं असेल तर लिनक्सवर त्याला सरळ जोडीदार नाही. अनेक गोष्टींची एकत्र वाट बघणं, त्यातली कुठलीही एक किंवा सगळ्या, हे विंडोजच्या कर्नलमध्येच आहे. वाइनवाल्यांना याच गोष्टीनं फार छळलं. लिनक्स ५.१६ मध्ये एकाच वेळी अनेक फ्यूटेक्सवर (थ्रेडना थांबवायच्या कर्नलमधल्या कुलपांवर) थांबण्याची सोय आली ती मुख्यतः खेळांसाठी, आणि ६.१४ मध्ये एनटीसिंक नावाचा ड्रायव्हरच आला, जो विंडोजची ही वागणूक कर्नलमध्ये पुरवतो.

तुम्ही मात्र याची नक्कल करू नका. कामांची एक रांग ठेवा, कंडिशन व्हेरिएबलवर थांबा. सी++११ मध्ये हे सगळं आहे आणि विंडोजवरही तोच कोड चालेल.

खेळघर

वापरलं आहे, आवाज आणि नकाशा लोड करणाऱ्या थ्रेडमध्ये. बदलतो.

मॅकबद्दलही कुणी सांगेल का? तिकडूनही विचारणा आहे.

सांधा

लिनक्स झाल्याशिवाय तिकडे वळू नका. ऑक्टोबर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर ३२ बिट खेळ चालतच नाहीत. ओपनजीएल २०१८ पासून मोडीत काढायच्या यादीत आहे, ४.१ च्या पुढे गेलंच नाही. व्हल्कन थेट नाही, मोल्टनव्हीके त्याचं अॅपलच्या मेटल चित्रप्रणालीत रूपांतर करतं. आणि २०२० पासून प्रोसेसर एआरएम. इंटेलवर मेमरीतले बदल ज्या क्रमानं दुसऱ्या थ्रेडला दिसतात तो क्रम एआरएम पाळेलच असं नाही, त्यामुळे लॉक न वापरता लिहिलेला कोड तिथे अधूनमधून फुटतो, आणि असा दोष पुन्हा घडवून दाखवणं अवघड जातं.

तरंगबिंदू

शिवाय मर्यादेपेक्षा मोठा धन दशांश आकडा पूर्णांकात बदलला तर इंटेलवर सगळ्यात लहान ऋण संख्या येते, एआरएमवर सगळ्यात मोठी धन. डाव फुटायला तेवढंही पुरतं.

सहज_वाचक

खेळाडू म्हणून दोन गोष्टी मागतो. सेव्ह फाइली माझ्या होम फोल्डरमध्ये वाटेल तिथे सांडू नका, त्यासाठी ठरलेली जागा आहे तिथे ठेवा. आणि कळा त्यांच्या जागेवरून ओळखा, अक्षरावरून नको. माझ्या कळफलकाची मांडणी वेगळी आहे. चालायच्या चार कळा विखुरल्या की खेळणंच होत नाही.

रंगपटल

दुसऱ्या मागणीसाठी एसडीएलमध्ये स्कॅनकोड आहेत, ते वापरा.

खेळात देवनागरी मजकूर आहे का? विंडोजवर अक्षरजोडणी सिस्टिम करून देते. लिनक्सवर स्वतः अक्षरं काढलीत तर पहिली वेलांटी अक्षरानंतर बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. हार्फबझ हे अक्षरजोडणीचं साधन जोडा, एसडीएलच्या फाँट लायब्ररीला त्याचा आधार आहे, फक्त बिल्ड करताना तो चालू ठेवा. फाँटही खेळासोबतच द्या, खेळाडूच्या संगणकावर तो असेलच असं नाही.

खेळघर

देवनागरी आहे, आणि नेमकं तसंच दिसत होतं. धन्यवाद.

सगळ्यांचं वाचून आम्ही एकत्र बसलो. असं ठरलं आहे: लिनक्स बिल्ड सध्या बाजूला ठेवायचा आणि आधी विंडोजवरचाच खेळ ६४ बिट करायचा. एसडीएल, नवा सेव्ह वाचक, स्वतःचे यादृच्छिक आकडे, कंडिशन व्हेरिएबल, सगळं तिथेच. नियमांचं गणित पूर्णांकांवर नेऊ. म्हणजे काही बिघडलं तर ते आमच्या बदलामुळे की सिस्टिममुळे हा गोंधळ होणार नाही. तोवर लिनक्सच्या खेळाडूंना प्रोटॉनच सांगू, पण त्यावर स्वतः तपासून, आणि तिथल्या तक्रारी आमच्याच समजून.

उत्तरध्रुव, हे तुम्हाला पटतं का?

उत्तरध्रुव

पटतं. फक्त नेटिव्ह बिल्ड आला तरी विंडोजची प्रत लिनक्सवाल्यांना निवडता येऊ द्या. काही वर्षांनी तुमचा बिल्ड चालेनासा झाला तर त्यांच्यासाठी तो रस्ता उघडा हवा. आणि सेव्ह फाइल दोन्हीत एकच चालली पाहिजे.

तरंगबिंदू

गणित बदलायच्या आधी आत्ताच्या ३२ बिट बिल्डवर खेळाडूंचे नोंदवलेले डाव गोळा करून ठेवा, लहान-मोठे, सगळ्या नकाशांवरचे. पूर्णांकांवर गेल्यावर ते चेकसम जुळणार नाहीतच, पण खेळाचा तोल बिघडला का, कुठली तुकडी अचानक बलवान झाली का, हे ताडून बघायला दुसरं साधन नाही. एकदा जुना बिल्ड मागे पडला की ते मिळणार नाहीत.

खेळघर

हे आजच सुरू करतो. नोंद ठेवायची सोय खेळात आहे, खेळाडूंना आवाहन टाकतो. पहिला चेकसमचा निकाल आला की इथेच लिहीन.